शेजारच्या सीटचा ब्रेक

माझ्या धाकट्या भावाला सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेत असताना त्याला कुणी शहाणा म्हटल्याचं मला आठवत नाही, पण गाडी शिकवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. त्याचं ड्रायव्हिंग स्कूल आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत आहे. एक टेबल, दोन बाकडी, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता आणि टेबलामागे मी. मी लग्न केलं नाही. केलं असतं तर माझ्याही शेजारी बसून कुणीतरी आयुष्यभर ब्रेक मारत राहिला असता, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. मग ते पुन्हा विचारत नाहीत.

शिकवायच्या गाडीत दोन ब्रेक असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारच्या सीटवर बसलेल्या मास्तरच्या पायाशी. शिकणारा गांगरला की मास्तर गुपचूप आपला ब्रेक दाबतो. गाडी थांबते आणि शिकणाऱ्याला वाटतं, वा, थांबवली की आपण. लायसन्सच्या परीक्षेला मात्र आरटीओचे साहेब मागे बसलेले असतात, त्यामुळे ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायची सोय नाही. तोंड उघडायलाही बंदी. त्यावर माझ्या भावाने तोड काढली आहे. तो दाराच्या कडेवर बोटाच्या पेराने वाजवतो. एकदा टक, म्हणजे आरशात बघ. दोनदा टकटक, म्हणजे सोड, वेग सोड. साहेबांना वाटतं गाडी जुनी आहे, दार वाजतंय. "माझा माणूस नापास होत नाही," असं मास्तर छाती काढून सांगतो आणि ते खोटं नाही.

हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरी झालंच नसतं.

त्याची मुलगी मुंगी. हे नाव मी ठेवलं. ती भिंतीच्या कडेकडेने चालते, आणि जे सापडेल त्याची रांग लावते. माझ्या टेबलावरच्या चाव्या, पेनांची टोपणं, आलेल्या माणसाच्या चपला. चार वर्षांची होत आली, पण हाक मारली तर बघत नाही. कान तपासले, ते ठणठणीत. कोपऱ्यावर बापाची गाडी वळली की हिला घरात आधी कळतं. बोलणं मोजकंच, आणि त्यातलंही अर्धं माझं चोरलेलं. माझ्या टेबलाशी आलेल्या माणसांना मी कंटाळून "उद्या या" म्हणते, ते तिने अगदी माझ्या सुरात उचललंय. ताट नको असलं की "उद्या या." अंघोळ नको असली की "उद्या या." पाहुणे मांडीवर घ्यायला लागले की तेच, आणि तिथे तर मला ते पटतंसुद्धा.

आमची आई म्हणायची, "मास्तरलाही उशिराच वाचा फुटली होती. होईल सगळं." मास्तरला तेवढाच आधार पुरत होता. माझ्या भावजयीला नाही. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं सरकवत "आता दिसतंय का, आता?" विचारते. ती पहिल्यापासून म्हणत होती की पोरीचं काहीतरी वेगळं आहे, आणि ते काय आहे ते आपल्याला कळायला हवं.

मग एक दिवस बालवर्गाचं फाटक उघडं राहिलं. रस्त्यावर मधोमध पांढरा पट्टा रंगवलेला असतो ना, मुंगी त्याच्यावरून नाकासमोर चालत निघाली. दोन्हीकडून गाड्या. हाका मारून लोकांचे घसे बसले, ही वळून बघेना. शेवटी एका टेम्पोवाल्याने टेम्पो आडवा घातला आणि तिला उचललं. बालवर्गाच्या बाई तिला घेऊन स्वतः घरी आल्या. त्यांनी भावजयीला बाजूला नेलं नाही की गोड बोलल्या नाहीत. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "मला ऑटिझम वाटतो. तपासून घ्या. मुलांच्या तपासणी केंद्राचा अहवाल आला तर तिच्याबरोबर बसायला ते एक मदतनीस ताई देतात, मग ती आनंदाने राहील इथे. अहवाल नसेल तर पुढच्या सत्रापासून मला तिची जबाबदारी घेता येणार नाही. आज माझं काळीज थांबलं होतं."

केंद्राची तारीख मिळवायला भावजयीने महिनोन् महिने फोन केले. दुकानात दुपारची सुट्टी झाली की पहिला घास नाही, पहिला फोन. शेवटी कुणाची तरी रद्द झालेली वेळ मिळाली. ती हुकली किंवा वाया गेली तर पुढची वर्षानंतर, असं त्यांनी बजावून सांगितलं.

आणि मास्तर कामाला लागला. त्याच्याकडे गाडी शिकलेल्या एकाचा मुलगा त्याच केंद्रात जाऊन आला होता. मास्तरने त्या बापाला चहा पाजून सगळं काढून घेतलं. तिथे नावाने हाक मारतात. साबणाचे फुगे उडवतात आणि मग बाटली बंद करून देतात, मूल उघडून मागतं का बघायला. बाहुलीला कपातून चहा पाजायला सांगतात. एकदा जेवताना त्याच्या तोंडून हे निसटलं, आणि भावजयीने हातातला चमचा खाली ठेवला.

"ती काय लायसन्स काढायला चाललीय?"

"तयारी नको का थोडी? कोरी पाठवायची?"

"कोरीच पाठवायची. तेच तर बघणार आहेत ते."

"एकदा शिक्का बसला ना, की पुसत नाही. लोक आधी शिक्का बघतात, मग माणूस."

"माझ्याकडे येतात अशी माणसं," ती म्हणाली. "नंबर आहे, पण चष्मा नको. अक्षरं पाठ करून येतात भिंतीवरची. मी पास करते त्यांना? आणि केलं, तर पुढे खांबाला धडकणार कोण?"

आई म्हणाली, पोरीसमोर भांडू नका. पोरगी ताटातल्या वाटाण्यांची रांग लावत होती. भावजय म्हणाली, "मला वचन द्या. त्या खोलीत तुम्ही तोंड उघडणार नाही." त्याने दिलं. इतक्या लगेच दिलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण मला वाटलं, चला, एकदाचं याच्या डोक्यात उजेड पडला.

त्यानंतर दुपारी भावजय दुकानात असताना आतल्या खोलीतून ठोकण्याचा आवाज यायचा. दार लोटलेलं. मी समजले, डुगडुगणारं स्टूल दुरुस्त करतोय. मनात म्हटलं, वर्षभर मागे लागले तेव्हा हलला नाही, आता काळजीने का होईना, घरचं काम तरी करतोय.

तपासणीच्या दिवशी आम्ही चौघं गेलो. मला न्यायचं कारण म्हणजे मुंगी बालवर्ग सुटला की दिवसभर माझ्या टेबलापाशी असते, आणि जो जास्त वेळ जवळ असतो त्यालाही आणा, असा निरोप होता. भावजय आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. मास्तरने मात्र परीक्षेच्या दिवशी घालतो तो इस्त्रीचा शर्ट घातला होता.

खोली छोटी होती. जमिनीवर चटई, एक बुटकं टेबल, खेळण्यांची टोपली, आणि भिंतीला लावून आमच्यासाठी तीन लाकडी खुर्च्या. पलीकडे कचेरी होती आणि मधली भिंत पातळ फळ्यांची. तपासणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असतील. चप्पल बाहेर काढून त्या मोज्यांवर आल्या आणि सरळ चटईवर बसल्या. आम्हाला म्हणाल्या, "तुम्ही फक्त बसा. ती काय करते ते मला बघू द्या."

मुंगीने टोपलीतल्या छोट्या गाड्या काढून त्यांची रांग लावायला घेतली. बाईंनी तिला नावाने हाक मारली. काही नाही. भावजय दोन्ही हात घट्ट आवळून बसली होती. बाईंनी थोडं थांबून पुन्हा हाक मारली.

टक.

मुंगीने मान वर केली आणि सरळ बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला फक्त आनंद झाला. बाईंनी फुगे उडवले, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि बाटली तिच्या हातात दिली. मुंगी ती हातात फिरवत बसली. टकटक. तिने बाटली बाईंच्या हातात ठेवली. अगदी शहाण्या मुलीसारखी.

तेव्हा मी शेजारी बघितलं. मास्तरचा हात खुर्चीच्या बैठकीच्या कडेला होता. बोटाचं पेर लाकडावर. चेहरा समोर, ओठ मिटलेले, परीक्षेच्या गाडीत बसतो तस्सा. ते स्टूल अजून डुगडुगतच असणार, हे मला त्या क्षणी कळलं.

मला तिथल्या तिथे त्याचा कान पिळावासा वाटला. पण पलीकडे भावजयीकडे लक्ष गेलं. तिचे डोळे भरले होते. जी बाई एवढे दिवस घरादाराशी भांडत आली, तिला वाटत होतं, आपलंच चुकलं का? पोरगी बरी आहे का? मी तोंड उघडलं तर तिचं हे सुख जाणार होतं, आणि नाही उघडलं तर अहवाल.

बाईंनी काहीतरी लिहिलं. "छान बघते की. घरीही अशी बघते?"

"नाही," भावजय म्हणाली. "कधीच नाही. आज पहिल्यांदा."

बाईंनी मास्तरकडे बघितलं. त्याने वचन पाळलं. तोंड उघडलं नाही.

आणि मग पलीकडच्या कचेरीत कुणीतरी कागदांवर शिक्के मारायला बसलं.

ठक. मुंगीने बाईंच्या तोंडाकडे बघितलं. ठकठक. हातातली गाडी देऊन टाकली. ठक. बघितलं. ठकठक. दुसरी गाडी दिली. शिक्के मारणाऱ्याचा हात चालायला लागला आणि पोरीची धांदल उडाली. तिने रांगेतल्या गाड्या एकेक करून देऊन टाकल्या, ज्या रांगेला घरात कुणी बोट लावलं तर ती आकांत मांडते ती रांग तिने स्वतःच्या हाताने मोडली. मग बाहुली दिली. कप दिला. केसातली पिन ओढून दिली. मध्येच मान वर करून बघत होती, पण कुणाच्या तोंडाकडे बघायचं तेही तिला उरलं नव्हतं. बाईंच्या, माझ्या, दाराच्या. ती धापा टाकत होती. शेवटी काहीच राहिलं नाही, तेव्हा तिने पायातला मोजा काढला, बाईंच्या मांडीवर ठेवला आणि रिकामा तळवा पुढे करून उभी राहिली. ठकठक. तळवा आणखी पुढे. मग तिने दोन्ही कान दाबले आणि गुडघ्यात डोकं घातलं.

भावजयीच्या डोळ्यांतलं पाणी तिथेच आटलं. तिने हळूहळू मान वळवून नवऱ्याच्या हाताकडे बघितलं.

मास्तरला गप्प बसता आलं असतं. बाईंना अजून पुरतं कळलं नव्हतं. शिक्के थांबले असते, बाकीचं त्याने निभावून नेलं असतं. त्याचा माणूस नापास होत नाही. पण तो उठला.

"बाई, हे मी शिकवलंय. ते मघाचं बघणं तिचं नाही. ते खोडून टाका."

बाई रागावल्या नाहीत. आधी पलीकडे जाऊन त्यांनी शिक्के थांबवायला सांगितलं. मग मुंगीपासून जराशा लांब बसल्या आणि ती आपणहून डोकं वर काढेपर्यंत काही बोलल्या नाहीत. टोपली तिच्याजवळ सरकवली. तिने पहिली गाडी काढली, मग दुसरी.

"तिला बघायला का शिकवलंत?" त्यांनी मास्तरला विचारलं.

"लोक तेच बघतात ना. बघते का म्हणून."

"आणि बघितल्यावर तिला काय मिळायचं?"

मास्तरने आपल्या बोटाच्या पेराकडे बघितलं. बाई म्हणाल्या, "बसा. हात मांडीखाली घ्या. आपण पहिल्यापासून सुरू करू."

त्यानंतरचा वेळ मला जन्मात विसरता येणार नाही. बाईंनी हाक मारली, मुंगी गाड्या लावत राहिली. पुन्हा मारली. पुन्हा काही नाही. फुग्यांची बाटली बंद करून दिली, ती तिने रांगेच्या शेवटी उभी केली. बाहुली उचलून तिचा नुसता डोळा उघडमीट करत बसली. बाईंनी खिडकीकडे बोट दाखवलं तर तिने बोटाचं नख निरखलं. मास्तर दोन्ही हातांवर बसला होता, कपाळावर घाम, आणि त्याचा पाय जमिनीवर दाबलेला होता. प्रत्येक हाकेला पाय आणखी दाबला जायचा. तिथे ब्रेक नव्हता. माझा भाऊ मला इतका लहान कधी दिसला नव्हता, आणि माझा त्याच्यावरचा रागही जात नव्हता.

एकदा बाईंनी रांगेतली एक गाडी हळूच सरकवली. मुंगीने ती परत जागेवर ठेवली आणि बाईंचा हात बाजूला करत म्हणाली, "उद्या या."

बाईंना हसू आलं. "हे कुणाचं?"

मी शाळेतल्या मुलीसारखा हात वर केला.

मग त्यांनी भावजयीला विचारायला सुरुवात केली. पहिला शब्द कधी, झोप कशी, कुठला आवाज सहन होत नाही, काय केलं की खूश होते. भावजयीला एकाही उत्तरासाठी थांबावं लागलं नाही. सगळं झाल्यावर बाई म्हणाल्या, "लेखी अहवाल या आठवड्यात देते. पण इतके दिवस वाट बघून आलात, म्हणून आत्ताच सांगते. ऑटिझम आहे. बालवर्गात तिच्याबरोबर ताई बसेल, त्याचं मी त्यातच लिहिते."

भावजयीने डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मास्तरने विचारलं, "म्हणजे नापास?"

"इथे पास-नापास नसतं," बाई म्हणाल्या. "मदत कुठे लागणार, एवढंच बघतो. आज ते दिसलं."

घरी जाताना मास्तर गाडी चालवत होता. भावजय शेजारच्या सीटवर, मी आणि मुंगी मागे. मग भावजय समोर बघतच म्हणाली, "तोंड उघडणार नाही म्हणाला होतात. पाळलंत हं." मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली नाही. कोंबडं झाकायला निघाला होता, ते पोरीच्याच अंगावर आरवलं.

मुंगी बापाच्या मागे बसली होती. एक पाय अनवाणी, त्याचा मोजा अजून माझ्या पर्समध्ये. तिने हात लांब केला आणि पुढच्या सीटच्या पाठीवर बोट वाजवलं.

टक.

मास्तरची मान आपोआप वर झाली. त्याने आरशात बघितलं. आरशात मुंगी होती, आणि ती आरशातल्या त्याच्याकडे बघत होती.

टक. त्याने पुन्हा बघितलं. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. वाजवायचं बापाने आणि बघायचं तिने, एवढंच तिला शिकवलं होतं. ते तिचं तिने उलटं करून बघितलं होतं. हाकेला ओ न देणाऱ्या पोरीने बापाला हाक मारली होती. मला रडू फुटलं. आत्ता सांगतानाही फुटतंय, फुटू दे.

टक. या वेळी त्याची नजर आरशातून हलेना. पुढे बसचे लाल दिवे जवळ येत होते.

"अरे, पुढे बघ," मी म्हटलं.

गाडी कचकन थांबली. मास्तरने थांबवली नव्हती. भावजयीचा पाय शेजारच्या ब्रेकवर होता.

"कडेला घ्या," ती म्हणाली. "आधी तिच्याकडे नीट बघा. मग गाडी चालवा."

त्याने गाडी कडेला घेतली, पट्टा सोडला आणि मागे वळून सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवली. तो तिच्याकडे बघत राहिला. काही वाजवलं नाही, काही मागितलं नाही. मुंगीने त्याच्याकडे थोडा वेळ बघितलं, त्याच्या कानाकडे थोडा वेळ, शर्टाच्या बटणांकडे पुष्कळ वेळ. तिचं बघून झालं तशी ती खिडकीकडे वळली.

"उद्या या," ती म्हणाली.

"येतो," मास्तर म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.